दगडावरचं मॉस दिवाळीनंतर तपकिरी पडतंय, पांढरं होतंय, सोलून निघतंय: दर वर्षीचा हा घोळ कसा थांबवायचा

श्रावणात मॉसनं, म्हणजे भिंती-दगडांवर येणाऱ्या बारीक पानांच्या हिरव्या गादीनं, दगड हिरवेगार, सगळ्यांच्या स्टेटसला फोटो. दसरा झाला की तेच दगड तपकिरी, दिवाळीला कडा सुटायला लागतात, संक्रांतीपर्यंत वर पांढरी पुटं, अन् होळीला बघावं तर नुसता काळा दगड. मग जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. आमचं लातूर घ्या, बीड घ्या, परभणी, नांदेड, संभाजीनगर, सगळीकडं हेच, फरक फार तर दोन-तीन आठवड्यांचा. कामून होतंय असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपल्याकडं ऊनच लई, इथं नाही टिकत ते."

हे उत्तर मला पटत नाही. ऊन लई आहे हे खरं, पण नुसत्या उन्हानं ते मरायचं असतं तर पाण्याच्या टाकीखाली, जुन्या वाड्यांच्या पन्हाळीखाली, बारवांच्या पायऱ्यांवर दर पावसाळ्यात त्याच जागी ते परत हिरवं झालं नसतं. तिथं एप्रिल-मेमध्ये कोण जातंय पाणी मारायला? कोणीच नाही. आणि आपण घरी रोज फवारा मारतो तेच नेमकं जातंय. माझं म्हणणं असंय की आपल्याकडं घरचं मॉस उन्हापेक्षा आपल्या पाण्यानं जास्त मरतं. कुठलं पाणी, कधी दिलं अन् ते किती वेळ टिकलं, ह्यात सगळी मेख आहे. बाकीची कारणं पण आहेत, ती पुढं सांगतो.

आधी मेलंय का ते तरी बघा

तपकिरी झालं म्हणजे गेलं असं धरून खरवडून टाकणारे लई जण आहेत. थांबा जरा. मॉसला मुळं नसतात, खाली केसासारखे जे धागे दिसतात ते दगडाला धरून ठेवण्यापुरते, पाणी ते सगळ्या अंगानं घेतं, पानातून. अन् पान तरी केवढं, बहुतेक जातींत एका पेशीच्या जाडीचं. त्यामुळं हवा कोरडी झाली की त्यातलं पाणी बघता बघता उडतं आणि ते सगळं कामकाज बंद करून पडून राहतं. पुन्हा नीट पाणी मिळालं की चालू.

तपासायचं कसं तर चिमूटभर वाळलेलं मॉस बशीत घ्या, त्यावर पावसाचं नाहीतर प्यायचं आरओचं दोन चमचे पाणी टाका, घरात पोरांचं भिंग पडलेलं असेल तर तेही घ्या. सुरुवातीला सुकलेल्या मेथीसारखा चुरा दिसतो. भिंतींवर अन् ओल्या दगडांवर आपल्याकडं हायोफिला नावाचं मॉस बऱ्याच ठिकाणी असतंय, त्याच्या पानाच्या दोन्ही कडा वाळल्यावर आत वळून बारीक सुरळी झालेली असते. पाणी लागलं की काडी आधी थोडी हलते, मग एकेक सुरळी सैल पडते, पानं चहूबाजूंनी फाकून उभी राहतात आणि मघाशी मातकट दिसणारा रंग आतून हिरवा यायला लागतो. हे डोळ्यादेखत होतं, फार वेळ बसावं लागत नाही. एकदा तरी बघाच, त्याच्यानंतर तपकिरी दगड बघून जीव घाबरा होत नाही.

एखाद्या दिवसात हिरवं झालं तर जिवंत आहे, दगडाला हात लावू नका. दोन दिवस भिजूनही तपकिरी-काळंच राहिलं, बोटानं दाबल्यावर लगदा होत असेल, वास येत असेल तर ते गेलं. अर्धं-अर्धं असेल, म्हणजे शेंडे मेलेले अन् बुडात हिरवं, तरीही खरवडू नका, बुडातून नवीन फुटवे येतात.

अन् ते मॉसच आहे ना?

हे विचारायचं कारण म्हणजे अर्ध्या तक्रारी भलत्याच गोष्टीच्या असतात. बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, नखानं ओढलं की सरळ पुसून येतं, पानं-काड्या काहीच दिसत नाहीत, तर ते पाण्यातलं साधं शेवाळं आहे, मॉस नाही. ते येतं सतत ओल राहिल्यानं अन् खत मिळाल्यानं. तिथं पाणी बंद करा, दगड चार-सहा दिवस कोरडा पडू द्या, ब्रश मारा. पावसाळ्यात फरशीच्या कडेला, गच्चीवर हिरवट-काळे थुलथुलीत गोळे येतात ते नॉस्टॉक, त्याचं काही वाईट वाटून घेऊ नका, ऊन पडलं की त्याचा पातळ काळा पापुद्रा होतो. दगडाला गच्च चिकटलेले राखाडी नाहीतर पिवळसर-केशरी डाग, जे कितीही पाणी मारलं तरी पुसून जात नाहीत, ते दगडफुलाच्या जातीतले. होय, काळ्या मसाल्यात घालतो त्याच गोतावळ्यातले. ते अतिशय हळू वाढतात, दगडाला शोभा देतात, राहू द्या.

विकत आणलेल्याचं तर विचारूच नका. ऑनलाइन मिळणारं ते सुंदर पोपटी मॉस बऱ्याचदा प्रक्रिया केलेलं, रंगवलेलं असतं, म्हणजे मेलेलंच असतं, त्याला कितीही पाणी घाला, सजावट आहे ती. नर्सरीत ऑर्किडसाठी मिळतं ते स्फॅग्नम, दलदलीतलं, अन् वाळवून पॅक केलेलं, ते आपल्या दगडावर कधीच धरणार नाही. काही नर्सरीवाले सेलाजिनेला नावाचं रोप मॉस म्हणून देतात, ते दिसायला छान पण त्याला माती अन् कायम ओल लागते. दगडावर लावायचं तर आपल्याच गावातलं, आपल्याच भिंतीवरचं घ्या. ते आपला मे महिना काढून आलेलं असतं, ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?

(किल्ले, लेण्या, बारवा इथून खरवडून आणू नका. त्यातल्या बऱ्याच संरक्षित वास्तू असतात, कायद्यानं गुन्हा होतो, शिवाय पत्तीनं दगडावर ओरखडे पडतात. अभयारण्यातून तर अजिबात नाही. कंपाउंडची भिंत, गच्चीचा पाइप पडतो ती जागा, मोटारीच्या खड्ड्याची कड, एवढ्यात भरपूर मिळतं.)

पांढरी पुटं: बोअरचं पाणी

हा मराठवाड्यातला सगळ्यात मोठा खलनायक. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात, बादलीला, नळाच्या तोटीला, गिझरच्या कॉइलला जे पांढरं बसतं तेच. भारतीय मानकानुसार प्यायच्या पाण्यात टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. माणसाचं पोट ते सोसतं. कुंडीतलं झाडही बऱ्यापैकी सोसतं कारण ते मुळातून पितं अन् क्षार मातीत राहतात. मॉस मात्र पानावरच पाणी घेतं, उन्हात पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच पानावर राहतात. दुसऱ्या दिवशी परत फवारा, परत थर. महिनाभरात आधी टोकं पांढुरकी, मग सगळ्याच गादीवर खडबडीत साय.

आता कोणी म्हणेल चुन्याच्या जुन्या भिंतीवर तर मॉस मजेत असतं, मग चुनखडीनं काय होतंय? बरोबर आहे, आपल्याकडच्या बऱ्याच जातींना चुना चालतो. त्रास चुना असण्याचा नाही, रोजच्या रोज पानावर थर बसून ते झाकलं जाण्याचा आहे. शिवाय बोअर खारट असेल तर मीठही येतं, अन् मिठापुढं बहुतेक मॉस टिकत नाही.

पांढरं नेमकं क्षाराचंच आहे का बुरशी-दगडफूल आहे हे ओळखायला लिंबाचा एक थेंब पुरतो. दगडाच्या कोपऱ्यात, मॉस नसेल तिथं टाका. बारीक फेस आला तर क्षार. काहीच नाही झालं तर दुसरं काहीतरी. एवढंच करा, सगळ्या दगडावर लिंबू-व्हिनेगर ओतू नका, क्षारासोबत मॉसही जाईल. मोकळा दगड स्वच्छ करायचा असेल तर चिंचेच्या कोळानं घासून खळखळून धुतला तरी चालतं. मॉसवर बसलेला थर असेल तर पावसाच्या पाण्यानं हळूहळू, दोन-तीन वेळा धुऊन काढा, जेवढं निघतं तेवढं निघतं, बाकीचं पुढच्या पावसावर सोडा.

मग पाणी कुठलं द्यायचं? पावसाचं सगळ्यात उत्तम. लोक म्हणतात इथं प्यायला पाणी नाही अन् तू दगडाला पावसाचं पाणी साठवायला सांगतोस. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं हे बोलणं चमत्कारिक वाटणारच, पण हिशेब करून बघा. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर 20 मिलिमीटरची एक सर पडली तर 2000 लिटर पाणी पाइपातून रस्त्यावर जातं. आपल्याला त्यातला 200 लिटरचा एक ड्रम पाहिजे. पाच-सहा दगडांना सकाळी मिळून लिटरभर फवारा लागतो, म्हणजे रोज मारला तरी 200 दिवस, ऑक्टोबर ते एप्रिल निघून जातो, अन् उन्हाळ्यात तर रोज मारायचंच नाहीये, ते पुढं येतंय. पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ द्या, गच्चीची धूळ अन् कबुतरांची घाण जाते, मग ड्रम भरा आणि तोंडाला कापड बांधून झाकण लावा, नाहीतर डेंग्यूची फॅक्टरी निघायची.

ड्रम नसेल तर एसीचं पाणी चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतातच. गंमत अशी की कोरड्या एप्रिलमध्ये एसीतून पाणी निघतं थोडंच, अन् जून-जुलैत गरज नसताना बादल्या भरतात, तेव्हा साठवून ठेवा. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र चुकूनही नको. कूलरमध्ये पाणी उडतं अन् क्षार खाली राहतात, त्यात वरून आपण रोज नवीन बोअर ओततो, आठवड्यानं ते पाणी बोअरपेक्षाही जड झालेलं असतं. आरओच्या वेस्ट पाइपाचंही तसंच, तिकडं सगळा गाळलेला क्षारच येतो. ते फरशी पुसायला वापरा. नळाचं पाणी मिळालं तर चालतं, रात्रभर उघड्या बादलीत ठेवा म्हणजे क्लोरीन बरंच उडतं. तसंही आपल्याकडं नळ इतक्या दिवसांनी येतो की पाणी साठवलेलंच असतं.

दुपारचा फवारा

बोअरच्या खालोखाल हे. ऑफिसमधून जेवायला घरी आले, दगड कोरडा दिसला, कणव आली, मारला फवारा. मार्चच्या दुपारी काळा दगड एवढा तापलेला असतो की हात ठेववत नाही. कोरडं मॉस ती उष्णता सोसतं, कारण ते बंद असतं. ओलं झालं की ते जागं होतं, अन् जागं असताना चाळिशीच्या पुढचं तापमान त्याला झेपत नाही. सरळ सांगायचं तर शिजतं.

समजा शिजलं नाही, तरी दुसरा तोटा होतो. वाळलेलं मॉस भिजलं की आधी आतली मोडतोड दुरुस्त करतं, त्यात साठवलेली ताकद खर्च होते. ती भरून काढायला त्याला पुढं काही तास ओलं राहून उजेडात अन्न बनवावं लागतं. दुपारी फवारा मारला तर पंधरा-वीस मिनिटांत सगळं कडक. म्हणजे खर्च झाला, कमाई शून्य. असं रोज केलं की महिन्या-दीड महिन्यात ते खंगून पिवळं पडतं, अन् आपल्याला वाटतं पाणी कमी पडायलंय, मग दुपारी दोनदा मारायला लागतो.

त्यामुळं एकतर धड ओलं करा नाहीतर पूर्ण कोरडं सोडा, अधेमधे काही नको. पावसाळा संपल्यापासून साधारण फेब्रुवारीपर्यंत पहाटे, सूर्य वर यायच्या आधी, दगड निथळेपर्यंत पाणी. थंडीत दव पडतं तेव्हा त्या ओलीवर आपलं पाणी पडलं की ते नऊ-दहा वाजेपर्यंत तरी ओलं राहतं, तेवढं पुरतं. संध्याकाळी दिलं तरी चालतं पण मग रात्रभर ओल अन् अंधार, त्यात गोगलगाई येतात. मार्च सुरू झाला की हळूहळू पाणी तोडा आणि मेपर्यंत झोपू द्या. तपकिरी होईल, होऊ दे. पाहुणे "वाळलं की ओ" म्हणतील, म्हणू दे. ज्यांना राहवतच नाही त्यांनी एखादा लहान दगड आत, उत्तरेच्या खिडकीत बशीत ठेवावा आणि त्याचे लाड करावेत.

प्लास्टिकच्या पिशवीनं झाकून ओल टिकवायचा प्रयोग फक्त पावसाळ्यात अन् सावलीत. उन्हाळ्यात आत भट्टी होते.

"उत्तरेला ठेवलंय तरी भाजलं"

हा प्रश्न लई जणांना पडतो, अन् त्याचं उत्तर आकाशात आहे. मॉससाठी उत्तरेची बाजू हे सगळीकडं लिहिलेलं असतं, पण ते लिहिणारे थंड देशातले, त्यांच्याकडं भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो. आपण कर्कवृत्ताच्या खाली. लातूर साधारण साडेअठरा अंशावर, त्यामुळं मेच्या मध्यावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तोच, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चच्या शेवटापासूनच उत्तरेच्या भिंतीला लागायला सुरुवात होते. म्हणजे नेमकं मे महिन्यात, जेव्हा सगळ्यात जास्त जपायचं, तेव्हाच उत्तरेची भिंत उघडी पडते.

म्हणून जागा ठरवताना कंपास बघू नका, मे महिन्यात दुपारी तीन-चार वाजता त्या जागेवर काय पडतंय ते बघा. पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट. दोन भिंतींचा कोपरा, जिन्याखालची उघडी जागा, चिकू-आंब्यासारखं बारमाही गच्च सावलीचं झाड, हे उत्तम. कडुनिंबाखाली ठेवलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते अन् सावलीही जाते अन् दगडावर पानांचा थरही बसतो, तो हातानं उचलत राहावा लागतो, खाली मॉस गुदमरतं. काहीच नसेल तर मार्च ते जून पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी शेडनेट, दगडापासून हात-दीड हात वर, हवा खेळती राहील अशी.

सोलून निघतंय

इथं दोष आपल्या काळ्या मातीचा. शेताला सोनं आहे ती, पण दगडावर मॉस चिकटवायला तिच्याइतकी वाईट माती नाही. ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते, रानात हातभर भेगा पडतात त्या उगाच नाही. दगडावर तिचा पातळ लेप देऊन त्यावर मॉस बसवलं तर पावसाळाभर छान राहतं, ऑक्टोबर हीटमध्ये लेप आकसतो, कडा उचलतात, अन् एक दिवस सगळं आवरण मातीसकट हातात येतं. खाली पोकळी झाली की मॉसला दगडाचा गारवाही मिळत नाही.

माती नकोच शक्यतो. लागलीच तर नदीचा पोयटा नाहीतर बारीक चाळलेला मुरूम, तोही दगडाचे खड्डे भरण्यापुरता. मॉसचा तुकडा ओला करा, दगड ओला करा, तळव्यानं दाबून बसवा, खालची हवा निघाली पाहिजे, अन् सुती दोरा गुंडाळा. दोरा कुजेपर्यंत मॉस धरतं. नायलॉनचा नको, तो वर्षानुवर्षं तसाच दिसत राहतो.

दगड कुठला हेही बघा. कडप्प्याचे, ग्रॅनाइटचे उरलेले गुळगुळीत तुकडे लोक बागेत मांडतात, त्याच्यावर काही धरत नाही. आपला साधा बेसॉल्ट चालतो पण नदीतला घासून गोल झालेला नको, फोडलेला, खडबडीत, बारीक भोकांचा घ्या. अन् सगळ्यात भारी म्हणजे टाकी लावलेला, म्हणजे छिन्नीनं टोचलेला दगड, घराघरात अडगळीत पडलेलं फुटकं जातं, पाटा, उखळ. छिन्नीच्या त्या बारीक खाचांत ओल थांबते, धूळ थांबते, बीजाणू अडकतात, आपण काही न करता दोन पावसाळ्यांत जात्याच्या खाचाखाचांतून हिरव्या रेघा उमटतात. मला विचाराल तर गोल डोंगरासारख्या गादीपेक्षा ही रेघांची नक्षीच जास्त देखणी. उखळात पाणी साचतं ते आठवड्याला ओतून टाकत जा, डासांसाठी. सिमेंटचे नवे ब्लॉक असतील तर एक-दोन पावसाळे त्यांना नुसते भिजू द्या, ताज्या सिमेंटचा तीव्र क्षार निघून गेल्याशिवाय त्यावर काही टिकत नाही.

ताकाची रेसिपी

मॉस अन् ताक मिक्सरमध्ये फिरवून दगडाला लावा, ही रेसिपी इंटरनेटवर सगळीकडं आहे. आपल्या हवेत त्याचं काय होतं ते सांगतो: दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी मांजर चाटून जातं, आठवड्यात पांढरी-काळी बुरशी अन् वास. मॉसला ताकाचं काही कौतुक नाही. त्याऐवजी वाळलेलं मॉस हातावर चोळून चुरा करा, पावसानं ओल्या झालेल्या दगडावर भुरभुरा, वर जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधा. त्या चुऱ्यातल्या तुकड्या-तुकड्यातून नवं मॉस फुटतं. काळ महत्त्वाचा: मृगात घाई करू नका, दोन सरी पडून पंधरा दिवस उघडीप हे आपल्याकडचं ठरलेलं. पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे जुलैमध्ये पाऊस लागला की करा आणि मघा लागायच्या आत आवरा, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत त्याला पकडायला वेळ मिळतो.

अपेक्षाही जरा आवरा. जे फोटो बघून आपण हे सुरू करतो ते बहुतेक क्योतोच्या साइहो-जी मंदिरासारख्या ठिकाणचे असतात. तिथं मॉसच्या 120 च्या आसपास जाती आहेत म्हणतात, अन् वर्षाला दीड हजार मिलिमीटर पाऊस. आपल्याकडं 700-800, तोही चार महिन्यांत, त्यातही खंड. आणि ती बाग 1339 मध्ये भिक्षू मुसो सोसेकी यांनी मांडली तेव्हा मॉससाठी मांडलीच नव्हती, पुढं शेकडो वर्षांनी देखभालीला पैसा उरला नाही तेव्हा मॉसनं आपणहून जागा घेतली. आपल्याकडं वर्षातले चार-पाच महिने गर्द हिरवं, तीन-चार महिने फिकट, बाकी तपकिरी, हे चक्र धरून चाला.

एकाच पट्ट्यात, अचानक पिवळं पडलं तर

पाणी-ऊन सगळं ठीक असताना एकाच रेषेत, जणू वरून काही ओघळलंय असं पिवळं-काळं पडलं असेल तर खरंच काहीतरी ओघळलेलं असतं. वर बघा. दारात मोसंबी, लिंबू, डाळिंब, द्राक्षाचा वेल असेल अन् त्याला बोर्डो मिश्रण (बुरशीचं औषध) मारलं असेल तर त्यातल्या मोरचुदानं मॉस मरतंच, तांबं त्याचं हाडवैरी. फवारणीच्या दिवशी दगड झाकून टाका. दिवाळीच्या आधी भिंतीला चुना देताना उडालेले शिंतोडे, फरशीवरून वाहत आलेलं फिनेल नाहीतर टाइल्सचं ॲसिड, गुलाबाला टाकलेल्या डीएपीचं पाणी, जीवामृताची बादली, हे सगळे त्याच यादीत. खत मॉसला लागतच नाही, ते घातलं की बुळबुळीत शेवाळं वाढतं अन् मॉस दबतं.

तुकडेच्या तुकडे उलटे पडलेले सापडले तर साळुंक्या. खालचे किडे शोधायला त्या मॉस उचकटतात, विशेषतः नवीन लावलेलं. महिनाभर माशांच्या जाळ्यासारखी बारीक जाळी टाकून ठेवा, धरल्यावर त्यांना ते उलटत नाही. सकाळी चकचकीत वाळलेल्या रेघा दिसल्या तर गोगलगाई. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचं काय केलं ते विसरायला नको, त्यांना दिवसा लपायला अशीच ओली सावलीची जागा लागते. रात्री बॅटरी घेऊन हातमोजे घालून वेचा अन् मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, पण दगडावर मीठ टाकू नका. विषारी गोळ्यांच्या नादी लागू नका, घरात कुत्रं-मांजर असेल तर तेच आधी खातं.

पायरीवर आलेलं

दगडावर आणायला जीव काढतो अन् पायरीवर, बाथरूमच्या दारात, धुण्याच्या दगडापाशी न बोलावता येतं. तिथलं मात्र ठेवू नका, घरात म्हातारं माणूस असेल तर आजच काढा, एक पाय घसरला की खुब्याच्या ऑपरेशनवर जातं. ब्लीचिंग टाकून मारण्याआधी एक करा: ओलं असताना पुट्टीची पत्ती आडवी धरून खालून सरकवा, अख्खा तुकडा अखंड निघतो. तो सरळ उखळावर नेऊन दाबा, आपल्याच घरचं, सवय झालेलं मॉस आहे, पटकन धरतं. मग पायरी ताठ ब्रशनं घासा आणि पाणी तिथं थांबतंय कामून ते शोधा. बहुतेक वेळा उतार उलटा असतो नाहीतर वरच्या पाइपाचा जॉइंट गळत असतो. पाइप आपण नीट करू शकतो, उतारासाठी मिस्त्री बोलवावा लागेल, पण तो येईपर्यंत तिथं नुसतं एक खडबडीत पायपुसणं टाकून ठेवा.